डावखुऱ्या साहेबाचं सारवण

गोल्फ हा खेळ शेणाने सारवलेल्या जमिनीवर खेळतात, अशी माझी कित्येक वर्षं प्रामाणिक समजूत होती. हसू नका. पांढरकवड्याजवळच्या आमच्या खात्याच्या वसाहतीत मी दुसरा गोल्फ पाहिलाच नव्हता. विश्रामगृहामागे पडीक माळ होता, त्यावर आमच्या मोठ्या साहेबांनी तीन भोकांचं मैदान आखून घेतलं होतं. ज्या भोकात बॉल घालायचा, त्याच्या भोवतीची जमीन गुळगुळीत लागते. शहरात तिथे हिरवंगार गवत असतं म्हणे. आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरने येत होतं, गवत कुठून आणता? साहेबांनी आधी रेतीत ट्रकवाल्यांकडचं जळकं ऑइल कालवून पसरलं. उन्हाळ्यात ते असं पाघळलं की बॉल काळा, बूट काळे, आणि साहेबांच्या पांढऱ्या पॅन्टचं तर विचारूच नका. शेवटी चपराशीच वैतागून म्हणाला, "सायेब, खळ्यासारखं सारवून टाका ना. कायले त्या तेलाच्या नादी लागता?" तेव्हापासून आमची तीन गोल खळी झाली. फरक एवढाच, की खळ्याच्या मधोमध बैल फिरवायला मेढ रोवतात, आणि इथे मेढीच्या जागी भोक होतं.

मी तिथे ट्रेसर होतो. मोठ्या साहेबांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून काढायचे, हे माझं काम. पहिली तीन वर्षं मी दर रविवारी साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलली. मग एका निवृत्त इंजिनिअरने जाता जाता त्याच्या जुन्या काठ्या मला देऊन टाकल्या आणि मी खेळायला लागलो. साहेबांच्या काठ्या माझ्या कामाच्या नव्हत्या, कारण साहेब डावखुरे. सही डाव्या हाताने, चहाचा कप डाव्या हातात, टोलाही डावीकडूनच. मी लांबचा टोला जबर हाणायचो. लहानपणी विटीदांडू खेळून हात तयारच होता. पण भोक पन्नास पावलांवर आलं की माझं गाडं रुतायचं. एक टोला अलीकडे पडायचा, पुढचा खळं ओलांडून पार पलीकडच्या बोरीत. तिकडून परत इकडे. साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. म्हणायचे, "अरे, लांबून वाघासारखा येतोस आणि दारात आलास की म्हैस होतोस."

त्या दिवाळीनंतर साहेबांनी जाहीर केलं की संक्रांतीच्या सुमाराला नागपूरहून चार पाहुणे खेळायला येणार. आमच्याकडूनही चार लागणार. तीन ठरलेले होते. चौथा मी, नाहीतर स्टोअरकीपर. साहेब मला म्हणाले, "भोकाजवळून दोन टोल्यांत बॉल आत. एक उचलून टाकायचा, एक ढकलायचा. ते जमव, खेळशील. नाही जमलं तर पिशवी आहेच." ते सहज बोलले, मला मात्र झोंबलं. माझ्या आज्याने जन्मभर गावाची ओझी वाहिली, बापाने जिनिंगमध्ये गाठी वाहिल्या. मला ती पिशवी पुन्हा खांद्यावर नको होती.

माझी माय तेव्हा माझ्याजवळ वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहत होती. मुकुटबनकडे आमचं थोडंसं कोरडवाहू वावर होतं, पेरणीला ती तिकडे जायची आणि उरलेला काळ माझ्याकडे. ती वर्षं कशी होती ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पावसाने दडी मारली म्हणून त्या साली तिने तेच वावर तीनदा टोबलं होतं. टोबणं म्हणजे सरकीचं बी हाताने एकेक टाकत जाणं. शेवटी जे उगवलं ते लाल पडलं. गावात माणसं गप्प झाली होती, बैल बाजारात निघाले होते. आणि मी हा असा, एका पांढऱ्या बॉलच्या मागे. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. एकदा मायला तसं म्हणालो तर ती उसळली. "खेळ ना बाप्पा! तुह्या आज्याले कोनं खेळू देलं? तू तरी खेळ."

मी घरामागच्या आंगणात सराव सुरू केला. आंगण तिने सारवलेलं, मधात मी डबा पुरून भोक केलं. पहिल्याच संध्याकाळी माझा बॉल तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत घुसला.

"काय करून राह्यला रे?"

"प्रॅक्टिस."

"कायची? मिरच्या कुटाची?"

"माय, आंगण वाकडं हाय तुहं. बॉल सरळ जातच नाई."

"हाव. नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणून ती मिरच्या गोळा करून आत निघून गेली.

तीन दिवस ती उंबऱ्यावर बसून तूर सोलत नुसती पाहत होती. चौथ्या दिवशी बोलली. "तू त्या खड्ड्याकडंच पाहून राह्यला."

"मंग कुठं पाहू? बॉल तिथंच तं घालाचा हाय."

"तो आंधी पडते कुठं ते पाह्य ना. पडाची जागा धर. खड्ड्यापर्यंत तो त्याचा जाईन."

मग ती उठली, ओंजळभर सरकी घेतली आणि आंगणात वीत-वीत अंतरावर कोळशाने फुल्या मारल्या. उभ्या उभ्या, कमरेपासून, एकेक बी सोडत गेली. एका फुलीवर एक बी. न वाकता, न थांबता, चालता चालता. एकवीस फुल्या, एकवीस बिया, एकही बाहेर नाही. पूर्वी बाया एका जागी दोन-तीन बिया टाकायच्या, कुठलं तरी उगवेल म्हणून. आता पाकिटातलं महागाचं बी आलं होतं, एका फुलीला एकच टाकायचं. चुकायची सोयच राहिली नव्हती. मी तोंडात बोट घालून पाहत राहिलो. चाळीस वर्षं ज्या बाईला मी वावरात चालताना पाहिलं, ती चालत नव्हती, नेम धरत होती. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"बी फेकाचं नसते," ती म्हणाली. "सोडाचं असते. तू फेकून राह्यला."

मी काठी सैल धरली. तिने भोकाच्या अलीकडे एक बी ठेवलं आणि म्हणाली, याच्यावर पाड. पहिले पन्नास-साठ टोले तर वायाच गेले. मग एक पडला. मग दुसरा. बॉल बीजवळ टप्पा घ्यायचा आणि गुमान भोकाकडे लोळत जायचा. पण शेवटच्या हातभर अंतरात, वेग मेला की तो थोडा उजवीकडे सरकायचा. दरवेळी उजवीकडे. मी वैतागलो. माय हसली आणि मला हाताला धरून खाली बसवलं.

"पाह्य, हा माहा हात हाय."

संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. त्या उजेडात सारवलेल्या जमिनीवर तिच्या पंजाच्या रेघा उठून दिसत होत्या. अर्धगोल, एकाला लागून एक, सगळे एकाच बाजूला झुकलेले. सारवताना बाई मागे मागे सरकते आणि तिचा हात धनुष्यासारखा फिरतो. शेणकाला वाळला की त्या फिरण्याचा केसाएवढा उंचवटा राहतो. जोरात जाणारा बॉल त्याला जुमानत नाही. मरायला टेकलेला बॉल मात्र त्या हाताचं ऐकतो. मायने मला सांगितलं की सारवण पाहून ती ओळखू शकते, हे कुण्या बाईने सारवलं, घाईत का निवांत, बाईचा हात दुखत होता का. आणि मी खुळ्यासारखा रोज त्याच आंगणातून चप्पल घालून जायचो!

मग तिने मला अक्षरशः थक्क करून सोडलं. मी टोला मारायच्या आधी ती पायाच्या अंगठ्याने जमिनीवर दाखवायची, "इथं येऊन थांबन." आणि बॉल तिथेच यायचा. एकदा नाही, दहादा. मी इंजिनिअरांच्या हाताखाली वीस वर्षं उतार काढले, पातळ्या घेतल्या, पण असलं काही पाहिलं नव्हतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही. ती म्हणाली, "येडा झाला काय? जा, पाणी भर."

महिन्याभरात दहातले आठ बॉल मी दोन टोल्यांत आत घालू लागलो.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी साहेब एक नकाशा मागायला घरी आले आणि त्यांची नजर आंगणावर गेली. माझीच काठी उलटी धरून त्यांनी बॉल ढकलून पाहिला. मग माझ्याकडून दहा बॉल खेळवून घेतले. नऊ दोन टोल्यांत आत गेले. साहेब लहान पोरासारखे खूश झाले. "ठरलं, तू चौथा," म्हणाले. लगेच पुढे म्हणाले, "आणि हे सारवण कोणाचं? आपल्या मैदानावर त्या मजुरांनी खराट्याने नुसता रेंदा फासलाय. तुझ्या आईला सांग ना, पाहुण्यांच्या आधी आपली तिन्ही खळी सारवून द्यायला."

मी 'हो साहेब' म्हणून बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी अशी काही अट घातली नव्हती, पण माझ्या मनात तसंच बसलं की माय सारवील तर मी खेळीन. दुपारी जेवताना तिला विचारलं. ती भाकरी मोडत होती, ती तशीच थांबली.

"तू काय म्हटलं सायेबाले?"

"हाव म्हटलं."

"मले न इचारता?"

तिने भाकरी संपवली, ताट धुतलं, मग माझ्यासमोर येऊन बसली. "तुह्या आज्जीची गोठ तुले म्या सांगतली नाई. चुकलंच माहं." आणि तिने सांगितली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचं खळं दरसाल माझी आजी, म्हणजे मायची माय, सारवायची. दोन दिवस खाली वाकून. खळं आरशासारखं व्हायचं. मग ज्वारी यायची, मळणी व्हायची, मधात रास पडायची. आणि रास पडली की आजीने खळ्याच्या बाहेर उभं राहायचं. तिनेच सारवलेल्या जमिनीवर तिचा पाय चालत नसे. वाटा बाहेर फेकला जायचा, तो पदरात झेलायचा. माय तेव्हा तिच्या शेजारी उभी असायची, दहा-अकरा वर्षांची. छप्पन साली आजीच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षी आजी खळं सारवायला गेली नाही. घरी येऊन बोलून गेली लोकं, धमकावूनही गेली. आजी एकच म्हणाली, ज्या जमिनीवर माहा पाय चालत नाई, तिच्यात माहा हात पडनार नाई. माय तेच धरून जगली. लोकांच्या वावरात मजुरी केली, कापूस वेचला, पण कोणाचं खळं, कोणाचं आंगण सारवलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "माय, मी सायेबाले नाई म्हणून सांगतो. नाई खेळत मी. उचलीन पिशवी."

"तू कायले बोलतं मधात? सायेबाले पाठव इकडं. म्या बोलतो त्यायच्यासंगं."

साहेब आले. खुर्ची दिली ती त्यांनी घेतली नाही, ओट्यावरच बसले. मायने त्यांना ती सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगितली, आवाज न चढवता. साहेबांच्या घरी तीन पिढ्या नोकऱ्या, शहरातला वाडा, टेबलावर जेवण. त्यांनी असं काही तोंडावर कधी ऐकलं नसणार. मला वाटलं, संपलं, आता माझी बदलीच. मग ते म्हणाले, "मावशी, मग मला शिकवाल का? मी सारवतो."

माय म्हणाली, "तीन खळे हायत ना तुमचे? दोन माहं पोरगं सारवन. एक तुमी. म्या मधात उभी राहून सांगीन. वाकनार नाई."

"कबूल," साहेब म्हणाले.

सामन्याच्या चार दिवस आधी सकाळी आमचे मोठे साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून शेणाच्या घमेल्याजवळ उकिडवे बसले. अर्धी कचेरी कुंपणापाशी जमली. चपराशी तर हात जोडून म्हणाला, "सायेब, मी करतो ना." साहेब म्हणाले, "तू गप बस." जनावरं कमी झाल्याने शेणही तीन गावांतून गोळा करून आणलं होतं. माय धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, अनवाणी, खळ्याच्या बरोबर मधोमध भोकाजवळ उभी. "पातळ झालं. माती टाका. हात उचलू नका, सायेब, हात जमिनीलेच राहू द्या. मागं सरका. मागं! आता कुठं चालले?" साहेब कोपरापर्यंत माखलेले, कपाळावर शेणाचा पट्टा, आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "मावशी, हे बरोबर?" मी माझं खळं सारवायचं सोडून पाहतच राहिलो. आजीने हे पाहायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं.

साहेब अर्थातच डाव्या हाताने सारवत होते. मायच्या ते लक्षात आलं होतं. ती मला येऊन हळूच म्हणाली, "पाहून घेजो. उलटा हात हाय."

पाहुणे आले ते पांढऱ्या टोप्या घालून, मोठ्या गाडीतून. आमची खळी पाहून आधी हसले. मग नाकाला रुमाल लावले. मग खेळायला लागले आणि हसू मावळलं, कारण त्यांचे बॉल अगदी भोकाजवळ येऊन दरवेळी वाकडे जात होते. त्यांना कळेना, हे भूत कुठलं. खळ्याच्या कडेला पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी पहिली खुर्ची मायला दिली होती. ती त्यात ताठ बसून होती, हात मांडीवर ठेवून.

तीन खळ्यांना तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटच्या खळ्याशी, साहेबांनी सारवलेल्या, सामना माझ्यावर येऊन थांबला. बाकी सगळे खेळून झाले होते. मी दोन टोल्यांत आत घातला तर बरोबरी, नाहीतर पाहुण्यांची सरशी. माझा बॉल खळ्याबाहेर पंचवीस पावलांवर, तुराट्यांच्या कडेला पडला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळं विसरलो आणि पुन्हा त्या मेल्या भोकाकडेच बघायला लागलो.

मायकडे पाहिलं. खेळात सांगायचं नसतं हे तिला मी सांगितलं होतं. ती नुसती जमिनीकडे पाहत होती. मग मीही जमिनीकडे पाहिलं. ऊन उतरलं होतं. साहेबांचा हात दिसला. वेडावाकडा, कुठे घाईचा, कुठे दमलेला, मधेच एका जागी तळवा टेकून श्वास घेतलेला, आणि सगळा उलट्या बाजूला झुकलेला. महिनाभर माझा बॉल उजवीकडे सरकत होता. इथे डावीकडे सरकणार होता. मी भोकाच्या उजव्या अंगाला, खळ्याच्या काठाशी एक जागा धरली. मनातल्या मनात तिथे एक बी ठेवलं. आणि बॉल फेकला नाही, सोडला.

तो त्या जागी पडला. लोळत लोळत चुकल्यासारखा उजवीकडेच चालला. पाहुण्यांपैकी एकजण "गेला" असं म्हणालासुद्धा. मग त्याचा वेग मेला, आणि साहेबांच्या डाव्या हाताने त्याला हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. मी जाऊन तो आत ढकलला. साहेबांनी काठी फेकून देऊन मला मिठी मारली. खात्यात वीस वर्षं काढली, कोण्या साहेबाने मिठी मारल्याचं माझ्या ऐकिवातही नव्हतं.

लोक चहाकडे वळले. मी बॉल काढायला वाकणार, तेवढ्यात माय खुर्चीतून उठलेली दिसली. ती अनवाणी, सावकाश, सगळ्यांच्या देखत खळ्याच्या पार मधोमध गेली. सारवण शिकवताना दोन तास उभी राहिलेली, एकदाही न वाकलेली ती बाई तिथे वाकली. भोकातून बॉल काढला, शेण पुसलं आणि पदराच्या शेवाला बांधला.

मी म्हणालो, "माय, तो बॉल सायेबाचा हाय."

गाठ घट्ट करत ती म्हणाली, "असू दे. माह्या मायचा वाटा राह्यलता या खळ्यातला."